रजेचा खर्च कुणाच्या नावावर?

(महिला गटांच्या कार्यकर्त्यांसाठी झालेल्या दोन दिवसांच्या शिबिरातील भाषण. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



पत्रिकेवर माझ्या नावापुढे विषय छापला आहे 'काम आणि आयुष्यातले मोठे प्रसंग'. लग्न, बाळंतपण, घरातलं मोठं आजारपण, मृत्यू, घर सोडावं लागणं, हे सगळं नोकरी किंवा रोजगार सांभाळून बाई कसं निभावते, त्यावर बोलायचं आहे. संयोजक ताईंनी फोनवर सांगितलं, 'बाळंतपणाच्या रजेचा कायदा तेवढा नीट समजावून सांगा, बाकी तुम्ही बोलालच.' कायद्याचं मी सांगणार आहे. पण त्याआधी एक कबुली द्यायची आहे. ती दिल्याशिवाय या विषयावर तोंड उघडायचं धाडस मला होत नाही.

२०२३ च्या फेब्रुवारीत आमची एक कार्यकर्ती वस्तीतल्या बैठकीत चक्कर येऊन खाली बसली. बायांनी तिला पाणी दिलं, पदराने वारा घातला आणि त्यातल्या एका म्हातारीने मला बाजूला घेऊन विचारलं, 'अहो ताई, या पोरीला सहावा लागलाय ना? तिला एवढं काय पळवता?' मला माहीतच नव्हतं! रोज सकाळी जिच्याबरोबर मी चहा पिते, ती सहा महिन्यांची गरोदर आहे, हे मला वस्तीतल्या म्हातारीकडून कळलं. सैल कुडता, वरून जाकीट, थंडीचे दिवस. लपून गेलं होतं. लपवलं होतं, असं म्हणायला हवं.

संध्याकाळी तिला घेऊन बसले. चिडले होते, खोटं कशाला सांगू. म्हटलं, 'अगं, मला का नाही सांगितलंस?' ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, 'ताई, एकतीस मार्च होऊ द्यायचा होता. नवीन करारावर सही झाली की सांगणार होते.'

आपल्यापैकी जवळजवळ सगळ्या प्रकल्पांवर काम करतो, त्यामुळे एकतीस मार्च म्हणजे काय हे तुम्हाला समजावून सांगायला नको. दर वर्षी नवा करार, अकरा महिन्यांचा किंवा बारा. मध्ये कुणी गळलं तर त्याला काढलं असं कुणी म्हणत नाही, 'करार संपला' म्हणतात. तिला तीच भीती होती. आणि ही भीती कुणाची? माझी! म्हणजे त्या बाईची, जी त्याच वर्षी दोन ठिकाणी बाळंतपणाच्या रजेच्या कायद्यावर प्रशिक्षण देऊन आली होती, तक्ते लावून.

मी तिला म्हटलं, 'आम्ही असं करू असं तुला वाटलंच कसं?' त्यावर ती जे बोलली ते मी आजवर बऱ्याच जणींना सांगितलेलं नाही. ती म्हणाली, 'ताई, तुमचे वडील अतिदक्षता विभागात होते तेव्हा तुम्ही एक दिवस सुट्टी घेतली नाहीत. मग मी सहा महिने कुठल्या तोंडाने मागू?'

ते असं झालं होतं. २०२१ च्या नोव्हेंबरात माझ्या वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला. एकोणीस दिवस ते दवाखान्यात होते. नेमका तेव्हाच देणगीदार संस्थेला अहवाल जायचा होता. मी दवाखान्याच्या जिन्यात बसून, मांडीवर लॅपटॉप ठेवून तो पुरा केला. माझा भाऊ एका कंपनीत आहे. त्याने रीतसर रजा टाकली होती, तो वडिलांच्या उशाशी बसून असायचा. मी मधूनमधून आत डोकवायची, पुन्हा जिन्यात. एकोणिसाव्या दिवशी वडील गेले. त्या दिवसांत किती दुपारी मी त्यांच्याजवळ बसले, हे मला आज आठवून सांगता येत नाही. अहवालाची तारीख मात्र पाठ आहे.

पुढच्या वार्षिक बैठकीत एका विश्वस्तांनी याचा उल्लेख केला. 'वडील असे असताना ताईंनी अहवाल वेळेवर दिला, याला म्हणतात बांधिलकी.' टाळ्या वाजल्या. मला बरं वाटलं, हेही सांगते. त्या टाळ्यांमध्ये आमच्या सगळ्या मुली बसलेल्या होत्या. त्यांनी त्यातून जो अर्थ घ्यायचा तो घेतला. कागदावर कुठेही लिहिलेला नसलेला एक नियम त्या दिवशी संस्थेत लागू झाला, आणि तो मी केला.

आता कायद्याकडे येऊ. मी त्याकडे एकच प्रश्न घेऊन बघते: या रजेचे पैसे कोण देतं?

मुंबई इलाख्यात बाळंतपणाच्या लाभाचा कायदा १९२९ साली झाला, तो कारखान्यांत काम करणाऱ्या बायांसाठी. त्याआधी १९२८ साली विधिमंडळात त्या विधेयकावर चर्चा झाली, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला. आईला बाळंतपणाआधी आणि नंतर विश्रांती मिळणं हे राष्ट्राच्या हिताचं आहे, असं त्यांनी मांडलं. त्यापुढे ते असंही म्हणाले की या खर्चाचा मोठा भार खरं म्हणजे सरकारने उचलायला हवा. मात्र सरकार उचलत नाही म्हणून मालकाची सुटका होत नाही, कारण बाईच्या श्रमाचा फायदा तो घेतो. जवळजवळ शंभर वर्षांपूर्वीची ही गोष्ट. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा थक्क झाले. खर्च कुणी उचलायचा, हा नेमका प्रश्न त्यांनी तेव्हाच विचारला होता, आणि आपण तो तिथेच सोडून आठवडे मोजत बसलो.

आठवडे वाढत गेले. १९६१ च्या देशपातळीवरच्या कायद्याने १२ आठवडे दिले. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांसाठी ते २६ झाले. ५० किंवा अधिक माणसं कामाला असतील तिथे पाळणाघर हवं, ही तरतूदही तेव्हाच आली. आता या तरतुदी सामाजिक सुरक्षा संहितेत आहेत. ती संहिता २०२० साली मंजूर झाली आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तेव्हा आपली जुनी माहितीपत्रकं छापताना कायद्याचं नाव बदलायला विसरू नका. ८० दिवसांची अट तीच आहे, म्हणजे आधीच्या बारा महिन्यांत बाईने किमान तेवढे दिवस काम केलेलं हवं. गर्भपात झाला तर ६ आठवडे पगारी रजा मिळते. ही गोष्ट शिकलेल्या, नोकरदार बायांनाही माहीत नसते. गर्भ पडला की बाई तिसऱ्या दिवशी कामावर, पोटाला पट्टा बांधून! रजेवर असताना तिला कामावरून काढणं बेकायदेशीर आहे, हेही त्या पत्रकात ठळक छापा.

पण पैसे कोण देतं? ज्या थोड्या कामगार बाया राज्य विमा योजनेखाली येतात त्यांना विम्यातून मिळतात. बाकी सगळीकडे सव्वीसच्या सव्वीस आठवड्यांचा पगार एकट्या मालकाने द्यायचा. २०१७ साली सरकारने आठवडे दुपटीहून वाढवले आणि स्वतःच्या खिशाला हात लावला नाही. परिणाम काय, तो मुलाखतीला जाऊन आलेल्या कुठल्याही मुलीला विचारा. 'लग्न झालंय का? मूल? आत्ताच काही विचार आहे का?' या प्रश्नांमागे सव्वीस आठवड्यांचा हिशेब असतो. मुलग्याला हे कुणी विचारत नाही, कारण बाप झाल्याचा एकही दिवस खाजगी मालकाला कायद्याने द्यावा लागत नाही. केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्यांना १५ दिवस मिळतात. ते दिवस ते कसे घालवतात हा वेगळ्या शिबिराचा विषय आहे.

मृत्यूचं तर काहीच नाही. घरातलं माणूस गेलं तर खाजगी कामगाराला इतके दिवस मिळालेच पाहिजेत असा देशभर लागू असलेला एक साधा नियम नाही. दहावा, तेरावा हे आपण आपल्या हक्काच्या किंवा बिनपगारी दिवसांत बसवायचं.

हा झाला कायद्याच्या आतल्या बायांचा प्रकार. आपल्या बहुतेक बाया बाहेरच्या आहेत.

एम.एस.डब्ल्यू.ला आम्हाला कामगार कल्याण नावाचा विषय होता. त्यातला कामगार कारखान्यात जायचा, हजेरीपटावर त्याचं नाव असायचं. पास होऊन वस्तीत आले तर तिथे असा कामगार शोधून सापडेना. घरकाम करणाऱ्या बायांच्या बैठकीत मी एकदा विचारलं, 'तुम्ही आजारी पडलात, गावी मयत झालं, तर कामाचं काय करता?' सगळ्या एका सुरात म्हणाल्या, 'बदली देतो.' मग विचारलं, बदली कोण? तिथे आवाज जरा खाली आले. जाऊ. नणंद. सासू, तिचे गुडघे चालत असतील तर. आणि सगळ्यात जास्त वेळा, मुलगी.

एक बाई होती, चार घरची धुणीभांडी. तिची आई गावी वारली. ती तेराव्यापर्यंत राहिली. 'तेरा दिवस बाईंनी काही म्हटलं नाही, पगार पण कापला नाही, देवमाणूस आहेत,' असं ती कौतुकाने सांगत होती. कापतील कसा? तेरा दिवस तिची नववीतली मुलगी दोन घरी सकाळी आणि दोन घरी दुपारी जाऊन भांडी घासत होती. आजी तिचीही गेली होती, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. शाळेच्या हजेरीपुस्तकात त्या तेरा दिवसांपुढे काय लिहिलं असेल? गैरहजर. आईच्या रजेचा खर्च मुलीच्या नावावर पडला.

पुण्यातल्या मोलकरणींनी १९८० साली संप केला, त्यातून संघटना उभी राहिली, तेव्हापासून भरपगारी सुट्टीची मागणी चालत आली आहे. २००८ साली राज्यात घरेलू कामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदाही झाला. इतकं होऊनही बदलीची पद्धत हटलेली नाही. आपणसुद्धा आपल्या घरी कामाला येणाऱ्या मावशींना 'जाताय ना, मग बदली कोण देताय?' असंच विचारतो. हात वर करायला सांगत नाही, माझाही करावा लागेल.

दुसरं उदाहरण ऊसतोडीचं. मराठवाड्यातून, विशेषतः बीडमधून, जोडपी दिवाळीच्या आसपास निघतात आणि उन्हाळा लागता लागता परततात. मुकादम उचल देतो ती नवराबायकोच्या जोडीला. दोघं मिळून एक कोयता. त्यामुळे बाई एक दिवस पडली तर कोयता पडला. त्याला खाडा म्हणतात. खाड्याची नुसती मजुरी बुडत नाही, वर दंड उचलीत चढतो. पाळीच्या दिवसांत, बाळंतपणात, अंगावर जात असताना खाडा नको, म्हणून काय उपाय निघाला हे सगळ्यांनी वाचलेलं आहे. बायांनी पिशवी काढून टाकली. २०१९ मध्ये राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यात ८२ हजारांवर ऊसतोड बायांची पाहणी झाली, त्यातल्या १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली निघाली. सगळ्याच खाड्यापायी काढल्या असं कुणी म्हणणार नाही. डॉक्टरांनी घातलेली कॅन्सरची भीती होती, दुखणं होतं, उपचारांची वानवा होती. पण ज्या कामात महिन्याच्या चार दिवसांना जागा नाही, तिथे बायांनी आपल्या शरीरातूनच ते चार दिवस कापून काढले. पुढे चाळिशीच्या आत म्हातारपण, कंबर, हाडं, त्याचा खर्चही तिच्याच नावावर. आणि ऑपरेशनसाठी घेतलेली उचल फेडायला पुन्हा पुढचा हंगाम.

या बायांना सरकार काय देतं? मातृ वंदना योजनेत पहिल्या मुलासाठी ५,००० रुपये आणि दुसरी मुलगी झाली तर ६,०००. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात मात्र प्रत्येक गरोदर आणि स्तनदा मातेला किमान ६,००० असं लिहिलेलं आहे. तिथे पहिलं-दुसरं, मुलगा-मुलगी असला भेद नाही. हा फरक आपल्या बैठकांमध्ये सतत विचारायला हवा. पण सहा हजारच मिळाले तरी सव्वीस आठवड्यांवर ते किती दिवस पुरतील, हा हिशेब वस्तीतली बाई आपल्यापेक्षा लवकर करते.

आता परत माझ्या संस्थेकडे. आम्ही त्या फेब्रुवारीत तातडीची बैठक घेतली. पहिला तास वाया गेला असं मी म्हणणार नाही, पण तो ऐकायला लाज वाटत होती. कुणी म्हणालं, 'आपण मानधन देतो, पगार नाही, म्हणून कायदा लागत नाही.' हे वाक्य कुठून आलं बघा. दिल्ली महानगरपालिकेने हजेरीपटावरच्या रोजंदारी बायांबद्दल असाच युक्तिवाद केला होता, की त्या कायम नाहीत, म्हणून त्यांना बाळंतपणाचा लाभ नाही. सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला, २००० सालच्या आठ मार्चला. अंगणवाडी सेविकांना मानधन म्हणून ग्रॅच्युइटी नाही, असंही वर्षानुवर्षं सांगितलं गेलं. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांनाही हक्क दिला. अंगणवाडी ताईंच्या मोर्चात आम्ही घोषणा दिल्या होत्या. आणि इथे, आमच्याच सतरंजीवर बसून, सरकारचंच वाक्य आम्ही म्हणत होतो!

मग आमच्या हिशेबनीस ताईंनी वही काढली. त्या कमी बोलतात. म्हणाल्या, 'आपण बारा जणी. सरासरी बारा हजार मानधन. महिन्याला एक लाख चव्वेचाळीस हजार. त्याचे पाच टक्के बाजूला टाकले तर सात हजार दोनशे. वर्षाला शहाऐंशी हजार चारशे. सहा महिन्यांचं एकीचं मानधन होतं बहात्तर हजार. म्हणजे वर्षाला एक पूर्ण बाळंतपण बसतं, वर चौदा हजार चारशे उरतात आजारपणाला. आणि तिच्या जागी जी येईल तिला प्रकल्पातलं तिचं मानधन आहेच.' वही मिटली. आठ वर्षं आम्ही 'निधी नाही' म्हणत होतो, त्याचं उत्तर पाच मिनिटांत निघालं. आठ वर्षांत हा हिशेब कुणी मांडलाच नव्हता.

देणगीदारांना हे पटवणं सोपं गेलं नाही. प्रवास, छपाई, चहापाणी, सगळ्याला रकाने असतात, रजेला नसतो. एकाने सरळ सांगितलं की आम्ही कामाचे पैसे देतो, काम न केल्याचे नाही. दुसऱ्याने पाचचे तीन टक्के केले आणि दिले. उरलेले दोन आम्ही प्रशिक्षणांच्या मिळकतीतून घालतो, कधी जमतं, कधी तीन महिने राहून जातं.

नियम लिहायला बसलो तेव्हा खरी वादावादी झाली. बाळंतपणावर कुणाचं दुमत नव्हतं. मृत्यूवर अडलो. 'घरचं माणूस गेल्यास बारा दिवस' असं आधी लिहिलं होतं. घरचं माणूस कोण? एकीने विचारलं, 'माझं लग्न झालंय. सासरे गेले तर घरचे, आणि माझे वडील गेले तर माहेरचे, असं आहे का?' ते दुरुस्त केलं. दुसरी नवरा सोडून आलेली, गेली सहा वर्षं एका मैत्रिणीबरोबर राहते. तिला दवाखान्यात नेणारी, तिच्या कागदांवर सही करणारी तीच. ती घरची की नाही? बराच वेळ शांतता होती. शेवटी असं लिहिलं, की प्रत्येकीने आपली माणसं कोण ती वर्षाच्या सुरुवातीला स्वतः लिहून द्यावीत, पाच नावांपर्यंत, नातं विचारलं जाणार नाही. हे मला आमच्या कागदातलं सगळ्यात चांगलं वाक्य वाटतं. ते सुचवलं आमच्या सफाईचं काम करणाऱ्या मावशींनी.

आमच्यातली एक, पस्तिशीची, लग्न न केलेली. ती त्या बैठकीत रागावून बोलली आणि मला वाटतं योग्य तेच बोलली. 'कुणाचं लग्न, कुणाचं डोहाळजेवण, कुणाच्या मुलाची परीक्षा, सगळ्यांच्या वेळी माझी बदली. मी एकटी आहे म्हणजे मला आयुष्य नाही असं तुम्ही धरून चालता. माझ्या आईला विसरण्याचा आजार आहे. ती मला रोज नव्याने विचारते, तू कोण? त्याला तुमच्या यादीत काय म्हणतात?' आम्ही तिचा हिशेब काढला. दोन वर्षांत इतरांच्या रजांमध्ये तिने जादा केलेले दिवस बेचाळीस भरले. वस्तीत मुलगी आईची बदली होते, आमच्या कार्यालयात बिनलग्नाची बाई सगळ्यांची बदली झाली होती. आता कुणाच्या रजेचं काम जी करेल तिला त्याचे पैसे किंवा दिवस परत मिळतात. ते लिहून ठेवतो. वहीत नसलं की ते मैत्रीच्या खात्यावर जातं, आणि तिथून ते परत येत नाही.

आणखी एक प्रसंग आमच्या यादीत आहे जो मी दुसऱ्या कुठल्या यादीत पाहिलेला नाही. घर सोडणं. आपल्याकडे सल्लाकेंद्रात येणाऱ्या बाईला आपण सांगतो, तक्रार कर, तारखेला हजर राहा. कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याला २००५ पासून इतकी वर्षं झाली. प्रत्येक तारखेला तिचा एक दिवस बुडतो, चार तारखांनंतर मालक म्हणतो येऊ नकोस. बाया केस अर्धवट सोडतात तेव्हा आपण म्हणतो, तिची हिंमत कमी पडली. मी स्वतः असं नोंदवहीत लिहिलं आहे, 'अर्जदार पाठपुरावा करत नाही.' तिला विचारायला हवं होतं की त्या तारखांना तिचा रोज किती बुडाला. आता आमच्या अर्जात तो रकाना घातला आहे. आणि आमच्या कार्यकर्त्यांपैकी कुणावर ही वेळ आली तर तिला दहा दिवस आहेत, कारण न सांगता. कारण न सांगता हे शब्द मुद्दाम घातले. दुसऱ्यांच्या घरातली मारहाण सोडवणाऱ्या बाईला आपल्या घरातली सांगणं किती जड जातं, ते इथे बसलेल्या काही जणींना ठाऊक आहे.

हे सगळं नीट चाललं आहे असा समज करून घेऊ नका. गेल्या वर्षी दोघींची बाळंतपणं एकदम आली आणि निधी आटला. दुसरीला चारच महिन्यांचं मानधन देता आलं, दोन महिन्यांचं अजून बाकी आहे. ती मागत नाही, पण वहीत तिच्या नावापुढे ते येणं म्हणून लिहिलेलं आहे. मला स्वतःलाही अजून जमत नाही. मागच्या महिन्यात ताप असताना मी एका बैठकीला गेले, तर हिशेबनीस ताईंनी सगळ्यांसमोर विचारलं, 'ताई, आजची हजेरी कशात लिहू?' मी घरी गेले.

ती जी फेब्रुवारीत चक्कर येऊन पडली होती, तिला मेच्या शेवटी मुलगी झाली. डिसेंबरात ती कामावर परत आली, पोरीला घेऊनच. कार्यालयात आम्ही तुळईला साडीची झोळी बांधली. पोर रडायला लागली की ज्या कुणाचा हात मोकळा असेल तिने दोरी ओढायची, मग विश्वस्त का असेनात. ज्यांनी माझ्यासाठी टाळ्या वाजवायला लावल्या होत्या ते गृहस्थ एका बैठकीत पाऊण तास दोरी ओढत बसले होते. म्हणाले, 'माझी दोन मुलं कधी मोठी झाली कळलंच नाही.' मी त्यांना चहा दिला.

जेवणानंतर आपण गटात बसणार आहोत. ज्यांनी आपापल्या संस्थेचं अंदाजपत्रक आणलं आहे त्यांनी ते काढून ठेवा. ज्यांच्या संघटनेकडे अंदाजपत्रक नाही, नुसती वर्गणीची वही आहे, त्यांनी ती घ्या. सोबत मागच्या दोन वर्षांत कुणाच्या घरी काय झालं ते आठवून लिहा: जन्म, मृत्यू, दवाखाना, कोर्ट. आणि त्या प्रत्येकापुढे, त्या दिवशी तिचं काम कुणी केलं, तिचं नाव लिहा.